एकशे ब्याण्णव खवले

"ताटं कुठे मांडू? तुमच्या डोक्यावर?"

ह्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "आजच्या दिवस ओट्यापाशीच जेवू," एवढंच म्हणाले.

हा "आजचा दिवस" गेले सव्वीस दिवस चालू होता. आमच्या चार माणसांच्या टेबलावर एक भलामोठा पातळ, चिवट कागद पसरलेला असायचा आणि त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर माझे डबे ठेवलेले असायचे. त्यातला एक साखरेचा. चहात घालायला मी माझ्याच घरात साखर मागायची, आणि ह्यांनी हात वर करून "थांब, आखणी चालू आहे" असं सांगायचं. पंखा लावायचा नाही. खिडकी उघडायची नाही. एकदा मला शिंक आली तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुद्दामच शिंकले.

सगळं कशासाठी, तर एका माशासाठी. कागदाच्या माशासाठी. लेकीने वाढदिवसाला घड्यांचं एक पुस्तक पाठवलं होतं, त्याच्या शेवटच्या पानावरचा हा मासा. एकाच कागदाचा, कात्री नाही, गोंद नाही, आणि अंगावर एकेक सुटा उठलेला खवला. बारा ओळी, एकेका ओळीत सोळा. म्हणजे एकशे ब्याण्णव. पुस्तकात खाली लिहिलं होतं, "फक्त अनुभवी लोकांसाठी." ते वाचून तर ह्यांना चेवच चढला.

खरं म्हणजे या प्रकाराला सुरुवात डॉक्टरांकडे झाली. ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट काही महिन्यांपासून आपोआप हलत होतं. नुसते बसले असले, तरी बोटांत काहीतरी वळत असल्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी, आमच्या लेकीच्या वयाची पोरगी ती, हात तपासला, चालायला लावलं, आणि आजाराचं नाव सांगितलं. म्हणाल्या, वेळेवर आलात, गोळ्या आजपासून सुरू केल्या तर बरीच वर्षं नीट जातील, पण चालढकल करू नका. मग काय काम करायचात म्हणून विचारलं. हे म्हणाले, "छापखान्यात. बाइंडिंग खात्यात, घडीकाम." त्या पोरीला आनंद झाला. "अरे वा, मग घरीही कागदाच्या घड्या घालत जा, हाताला व्यायाम," असं म्हणून तिने कागदाची होडी करून दाखवली.

अडतीस वर्षं ह्यांनी घड्याच घातल्या होत्या. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून त्याची सोळा पानं करायची, त्याला फर्मा म्हणतात. असे किती फर्मे ह्यांच्या हाताखालून गेले त्याचा हिशेब नाही. खात्यात ह्यांना सगळे "इस्तरी" म्हणायचे. अशा माणसाला होडी. घरी आल्यावर पुस्तकाचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"हा मासा ज्या हाताला जमतो, तो हात आजारी नाही. पुढच्या तपासणीच्या आत पुरा झाला तर गोळ्या नाहीत. नाही झाला तर तू म्हणशील ते."

मी माशाचं चित्र पाहिलं आणि लगेच हो म्हणाले. चौथ्या दिवशी हात टेकतील असं मला वाटलं होतं. ह्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढूनही मी इतकी भोळी कशी राहिले, देव जाणे.

रोज संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, बाबांच्या गोळ्या सुरू झाल्या का?"

"नाही. मासा सुरू आहे."

"आई, तू ओरड ना त्यांना."

"तू ओरड. मी ओरडते तेव्हा ते आखणी करतात."

पहिला मासा अकराव्या दिवशी फाटला. दुसरा बाविसाव्या. दोन्ही एकाच जागी, खवल्यांपाशी. अंगावर आधी आडव्या चुण्या घालायच्या, मग उभ्या, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथलं टोक नखाने अलगद उचलून पसरायचं, की झाला खवला. ह्यांनी उचलायला नख लावलं की टोक टचकन तुटायचं.

ते का तुटतं हे मला पहिला मासा फाटला तेव्हाच कळलं होतं. मी बावीस वर्षं शाळांच्या गणवेशाचे स्कर्ट शिवले आहेत, चुण्या म्हणजे काय ते मला शिकवायला नको. ह्यांची चूक हातात मुरलेली होती. छापखान्यात घडी एकदाच घालतात आणि ती पुन्हा उघडत नाहीत, म्हणून ह्यांच्याकडे हाडाची एक चपटी पट्टी असते ती जोर देऊन घडीवर फिरवायची. इथे मात्र तीच घडी उघडायची, उलटी घालायची, परत उघडायची. आणि हे महाराज प्रत्येक घडीवर पट्टी फिरवत होते, तीही दोनदा. कागद जागोजागी मेला होता. तो फाटणारच.

हे मला कळलं होतं आणि मी मूग गिळून बसले होते. का, ते स्पष्टच सांगते. मासा पुरा व्हायला मला नको होता. मला गोळ्या पोटात जायला हव्या होत्या. फाटू दे फाटतोय तर, असं मी मनात म्हणत होते, आणि तोंडाने "अरेरे" म्हणत होते. नवऱ्याचं काम बिघडावं म्हणून बायकोने वाट बघायची, हे मला शोभत नव्हतं, पण बघत होते.

तर त्या दिवशी, ओट्यापाशी उभ्याने जेवून झाल्यावर, मी टेबलाशी आले. शेवटचा कागद उरला होता आणि सोमवारी तपासणी होती. ह्यांनी कागदाला हात लावला नव्हता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"असे काय बसलात?"

"काही नाही." मग म्हणाले, "माझ्या हातून कधी कागद फाटला नव्हता गं."

माझं डोकंच फिरलं. कोणावर फिरलं ते मला आजही सांगता येणार नाही.

"आधी ती पट्टी ठेवा बाजूला," मी म्हणाले. "महिनाभर बघतेय. घडी घातली की फिरव पट्टी, घडी घातली की फिरव पट्टी. कागदाचा जीव जातो त्याने. नुसत्या बोटाने घाला, हलक्या हाताने. पट्टी अगदी शेवटी."

"घडीला पट्टी नाही फिरवायची? मग ती घडी कसली?"

"उघडायची घडी. चुण्या घालताना आधीच इस्तरी केली असती तर एकही पोरगी शाळेत गेली नसती."

हे माझ्याकडे बघत राहिले. "तुला कधी कळलं हे?"

"आत्ताच," मी म्हणाले आणि भांडी घासायला गेले. नळाखाली उभी राहून स्वतःला इतकं बोलले, इतकं बोलले. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

पुढचे तीन दिवस घरात फक्त कागदाची कुरकुर ऐकू येत होती. पट्टी खिडकीत पडली होती. शनिवारी पहिला खवला उठला, तुटला नाही. ह्यांनी मला हाक मारून दाखवला. मग दुसरा. मग ओळ. सकाळी हात शांत असायचा तेव्हा भराभर व्हायचे, दुपारनंतर एकेका खवल्याला पाच-पाच मिनिटं. मी चिडचिड करत येत होते, जात होते, आणि दर वेळी मोजत होते.

रविवारी साडेचारला मासा झाला. मी हात पुसत बाहेर आले आणि दारातच थांबले. एवढा सुंदर मासा मी कधी पाहिला नव्हता. जवळ जाऊन पाठीवरून बोट फिरवलं तर खवले खरखर लागत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कारण आता गोळ्या गेल्याच.

ह्यांनी मासा उचलला, खिडकीपाशी नेला, एक डोळा मिटून उजेडात तिरका धरला. खात्यात ह्यांचं शेवटचं काम तेच असायचं. दुसऱ्यांनी घातलेले फर्मे उजेडात धरायचे आणि केसभर चुकलेला फर्मा परत पाठवायचा.

"आठव्या ओळीपासून बघ," ते म्हणाले.

मला काही दिसलं नाही. मग त्यांनी मासा जरा फिरवला आणि दिसलं. आठव्या ओळीपासून शेपटीपर्यंत प्रत्येक खवला किंचित उजवीकडे कलला होता. प्रत्येक ओळीत मागच्यापेक्षा थोडा जास्त.

"एवढं कोण बघतंय?" मी म्हणाले.

"मी बघतोय."

"अहो, पुरा झालाय ना? पुरा व्हायला पाहिजे एवढंच ठरलं होतं. तुम्ही जिंकलात." मी हे काय बोलत होते ते माझं मलाच कळेना. महिनाभर ज्यासाठी तडफडले, त्याच्याच विरुद्ध भांडत होते. "छान झालाय. अगदी पुस्तकातल्यासारखा."

"तुला खोटं बोलता येत नाही. पट्टीचंही तुला आधीच कळलं होतं." ह्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "असा फर्मा माझ्याकडे आला असता तर मी विचारलं असतं, हा हात कोणाचा? आणि त्याला घडीवरून उठवून दुसऱ्या कामाला लावलं असतं."

ह्यांनी मासा टेबलावर ठेवला, कोपऱ्यांवरचे डबे एकेक करून उचलून फळीवर मांडले आणि खुर्ची ओढून बसले.

"आण त्या गोळ्या."

मी पाकीट आणून पुढे ठेवलं. त्यांनी ते उजव्या हातात घेतलं आणि अंगठ्याने गोळी मागून दाबली. अंगठा घसरला. पुन्हा दाबली, पुन्हा घसरला. माझे हात नुसते शिवशिवत होते, पण मी ते पुढे केले नाहीत. ग्लासात पाणी ओतलं, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. चौथ्या वेळी गोळी निघाली.