हसऱ्या हातातला राटो

मला राटो म्हणतात. लांब, बारीक काठी आणि टोकाला आडवी फळी, एवढाच माझा देह. रूलेटच्या टेबलावर हरलेल्यांच्या, पैशांऐवजी लावलेल्या चकत्या ओढून घ्यायच्या आणि जिंकलेल्यांपुढे सरकवायच्या, हे माझं काम. स्वरूपा मात्र मला खोरं म्हणायची. तिच्या माहेरी शेतात वाफे ओढायला असंच काहीतरी होतं. बोलायची मला सवय नाही. पण माझ्या फळीच्या कडेत माणसाचं रक्त मुरलंय, आणि ते कसं मुरलं हे सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

जन्मानं मी बीच नावाच्या झाडाचा. जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या जंगलात मला कुऱ्हाडीनं पाडलं, करवतीनं चिरलं, रंध्यानं तासलं. तिथून मी बॉनपासून तासाभरावरच्या, नदीकाठच्या एका गावातल्या कसिनोत आलो. उंच छत, जाड पडदे, हिरव्या कापडाची टेबलं. माझा पहिला धनी हेर, म्हणजे श्रीयुत, योस्ट. टेबलामागे उभा राहून खेळ चालवणाऱ्याला इथं क्रुपिए म्हणतात. योस्ट तिथला सगळ्यांत जुना क्रुपिए आणि सगळ्यांत उद्धट.

कुणी "नमस्कार" म्हटलं तर तो नुसती मान हलवायचा. कुणी हरल्यावर "आज नशीबच नाही बघा" म्हणून हसायला गेला, तर हा म्हणायचा, "पुढचा डाव लावणार आहात का? नसाल तर खुर्ची सोडा." खेळणारे त्याला शिव्या घालायचे. एकानं त्याच्या शर्टावर वाईन ओतली होती. योस्टनं शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही, चक्र फिरवलं.

स्वरूपा कामाला लागली तेव्हा तिला शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. ती पुण्याची. नवरा उल्हास बॉनमध्ये टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. तिच्या डिग्रीला इथं कुणी विचारेना, तेव्हा ही जाहिरात बघून ती आली. आकडे तिच्या जिभेवर नाचायचे. पण ती हसायची. प्रत्येकाशी, मनापासून.

शिकवणीत ती हसली की योस्ट मलाच उलटा धरून तिच्या बोटांवर हाणायचा. माझ्या लाकडाला तिची हाडं लागायची.

"हसू नकोस!"

"का पण? लोक चार घटका मजा करायला येतात."

"लोक हरायला येतात. हरताना तू हसलीस की त्यांना वाटतं, तू त्यांच्यावर हसतेस."

मग एकदा त्यानं स्वतःचं मनगट दाखवलं. हाड वाकडं जुळलेलं होतं. तोही तरुणपणी गोड बोलायचा म्हणे. एक गिऱ्हाईक त्याला मित्र मानायचं, वाढदिवसाला केक आणायचं. सगळं घालवून बसल्यावर त्याच माणसानं पार्किंगमध्ये गाडीच्या जॅकच्या दांड्यानं त्याला झोडपलं. झोडपताना एकच ओरडत होता, "मित्र होतास ना? मग थांबवलं का नाहीस?"

स्वरूपानं ऐकून घेतलं. पण स्वभाव थोडाच बदलतो? योस्ट दुसऱ्या टेबलावर गेला, मी तिच्या हाती आलो, आणि आमच्या टेबलाभोवती गर्दी व्हायला लागली. ती म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, जिंकणाऱ्याचं अभिनंदन करायची. टेबलाच्या कडेच्या खाचेत बक्षिशी भराभर पडायची. दालनाचा मुख्य, ज्याला सगळे सालशेफ म्हणत, तो खूश होता.

अशाच एका रविवारी दुपारी सत्यजित आला. गाड्यांच्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर, चिंचवडचा. तिच्या कोटावरचं नाव वाचून त्यानं थेट मराठीतच विचारलं, "अरेच्चा, म्हणजे तुम्ही आपल्याकडच्या?"

टेबलावर जर्मनच बोलायचं असा नियम. पण तिनं हळूच म्हटलं, "हो. जपून खेळा हं."

तेवढ्यावर तो माणूस बांधला गेला. दर रविवारी यायचा, माझ्यासमोरचीच जागा धरायचा. "वहिनी, बरं का, आज तरी आमच्या बाजूनं टाका की." जिंकला तर "वहिनींचा हात!" म्हणून सगळ्यांना सांगायचा. हरला की गप्प व्हायचा, आणि त्याचं बोट कापडावर नखानं ओरखडे काढायचं. माझी फळी त्या ओरखड्यांत अडकायची. ते बोट मला आवडत नव्हतं.

एकदा दार उघडायच्या वेळीच एक बाई आली. खेळायला नव्हती आली. अंगात कोट तसाच, डाव्या मनगटाला क्रेप बँडेज.

"स्वरूपाताई ना? मी मैत्रेयी. सत्यजितची बायको."

"अरे वा, या ना! हाताला काय झालं?"

"कपाटाचं दार लागलं." मग तिनं आजूबाजूला पाहिलं. "नाही हो. यांनी पिरगाळला. मागच्या रविवारी इथून आले, आणि मी फक्त विचारलं, जेवायला वाढू का."

स्वरूपाच्या हाताची पकड माझ्यावर घट्ट झाली. ती म्हणाली, "इथं श्पेर लावता येते. बंदी. घरच्यांनी अर्ज केला, तर चौकशी करून त्यांना कुठल्याच कसिनोत घेत नाहीत. आजच करा."

"मी केला हे कळलं तर मला जिवंत ठेवायचे नाहीत." मैत्रेयीनं बँडेज बाहीत ओढून घेतलं. "ताई, ते तुमच्यासाठी येतात. म्हणजे तसं नाही, तुमच्या गोड बोलण्यासाठी. घरी म्हणतात, जगात एकच बाई माझ्याशी नीट बोलते. तुम्ही तोडून टाका ना त्यांना. दोन शब्द कडू बोला. येणार नाहीत ते."

स्वरूपानं तिचा चांगला हात हातात घेतला. "बोलते," ती म्हणाली. आणि तो शब्द तिनं पाळला.

पुढच्या रविवारी सत्यजित आला, खुर्ची ओढून बसला. "काय वहिनी, कशा आहात?"

"गूटन टाग," स्वरूपा म्हणाली. चेहरा कोरा.

तो हसला. "मूड नाही वाटतं आज?"

ती जर्मनमध्ये म्हणाली, "खेळायचं असेल तर खेळा. नसेल तर खुर्ची सोडा." शब्द हुबेहूब योस्टचे. शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं. सत्यजितच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

तो लावत गेला आणि मी ओढत गेलो. स्वरूपानं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी चेंडू चक्रात घरंगळायला लागला, तिनं हात आडवा केला, "निश्ट्स गेट मेअर." म्हणजे आता नवीन डाव नाही. त्यानंतर सत्यजितनं मूठभर चकत्या सतरावर ढकलल्या. तिनं मला पुढे केलं आणि त्या चकत्या मी त्याच्यापुढे परत लोटल्या.

चेंडू सतरावर पडला.

"मी लावलं होतं!" तो मराठीत ओरडला. "वहिनी, तुम्ही पाहिलंत. सांगा त्यांना!"

"उशीर झाला होता," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"माझ्याशी मराठीत बोल!"

तिनं जर्मनमध्येच आकडा पुकारला. त्यानं टेबलावर झेप घेऊन माझी काठी धरली आणि हिसडली. तिच्या हातातून मी सुटलो तेव्हा तिच्या तळव्याची साल माझ्याबरोबर आली. मग मी हवेत उठलो. मी लाकूड, मला थांबता येत नाही. माझी फळी तिच्या डाव्या भुवईवर बसली. कातडं फाटल्याचा आवाज मी आतून ऐकला. दुसरा फटका तिनं आडव्या धरलेल्या हातावर आला आणि मी मधोमध मोडलो. हिरव्या कापडावर रक्त पसरायला लागलं. आणि तो बडबडत होता, "तूसुद्धा? तूसुद्धा?"

शेजारच्या टेबलावरून योस्ट धावला. इतक्या वर्षांत त्याला धावताना मी पाहिलं नव्हतं. सत्यजितच्या हातात आता माझा टोकदार अर्धा भाग होता. तो त्यानं योस्टच्या बरगड्यांत खुपसला. योस्ट कळवळला, पण मागे हटला नाही. त्यानं कपाळानं सत्यजितचं नाक फोडलं, त्याला पालथा पाडला आणि रखवालदार येईपर्यंत त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसला. वर बघून स्वरूपाला म्हणाला, "डोळा दाबून धर. दाब, मूर्ख मुली, दाब!" त्याच्या तोंडून एवढा मायेचा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

मला पोलिसांनी पिशवीत भरलं. कोर्टात मला टेबलावर ठेवलं. तिथं साक्षीला मैत्रेयी आली, बँडेजशिवाय. ती आता बायकांसाठीच्या आसऱ्याच्या घरात राहत होती, आणि श्पेरचा अर्ज तिनं दिला होता. न्यायाधीशांनी विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "वाटते. पण माझ्यासाठी दुसऱ्या बाईनं मार खाल्ला. आता गप्प बसवत नाही." सत्यजितला शिक्षा झाली. त्यानं तिच्याकडे नाही, माझ्याकडेच टक लावून पाहिलं.

खटला संपून परत आल्यावर कसिनोत मला कचऱ्यात टाकणार होते. जखम भरून कामावर परतलेल्या योस्टनं मागून घेतलं. घरी नेऊन माझे दोन तुकडे पितळी नळीनं जोडले आणि स्वरूपा परत कामावर आली त्या दुपारी तिच्या टेबलावर आपटले. "घे. नवीन मिळणार नाही."

ती येऊ नये म्हणून उल्हासनं खूप सांगितलं होतं, पण ती आली. भुवईतून आडवा वण, आणि त्या डोळ्याला आता सगळं धूसर दिसतं. सालशेफ पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "जरा हसत जा. तो वण बघून लोकांचा रस जातो."

परवा एक तरुण बॉनहून आला होता. हरता हरता त्यानं टेबलावर अशी मूठ मारली की चकत्या उडाल्या. तो उभा राहिला, मूठ आवळलेलीच. रखवालदार पुढे सरकला. स्वरूपानं त्याला हातानंच थांबवलं. ती हसली नाही, आणि योस्टसारखी तुटकही बोलली नाही. तिनं मला बाजूला ठेवलं.

"पाणी प्या," ती म्हणाली. "आणि घरी जा. आज इथं काही होणार नाही. उद्याही नाही."

क्रुपिएनं असं बोलायचं नसतं. सालशेफनं ऐकलं. त्यानं तिला सगळ्यांसमोर तंबी दिली, पुन्हा बोललीस तर काम जाईल. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. पुन्हा बोलेन."

तो तरुण पाणी प्यायला, कोट घेतला आणि गेला.

माझी नळी आता सैल पडतेय. कधीतरी मला काढतील, एखाद्या चुलीत घालतील. झाडाचं लाकूड आहे, जळेल. तुम्ही कधी अशा हिरव्या टेबलापाशी बसलात, तर पलीकडचा माणूस गोड हसला म्हणून त्याला आपला समजू नका, आणि तोंड वाकडं केलं म्हणून त्याच्यावर धावून जाऊ नका. चेंडू तुमचंही ऐकत नाही, त्याचंही नाही. पण पलीकडचा माणूस कधी "घरी जा" म्हणाला, तर ते ऐका. ते म्हणण्यासाठी त्याला काय पणाला लावावं लागतं, ते मी जवळून पाहिलंय. येतो मी. चक्र थांबलंय, ती माझ्याकडे हात पुढे करतेय.