दुर्गाबाईंनी प्यायलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा जग आहे. पोचा पडलाय, पण गळत नाही. तेवढा ताठा अजून आहे. रविवार पेठेतून मला कर्वेनगरच्या सोनोग्राफी केंद्रात आणलं, तेव्हा शहरात नव्यानं कॉम्प्युटर कंपन्या येत होत्या. पोट न कापता आतलं दाखवणाऱ्या मशीनचंही लोकांना नवल होतं. येणारा जाणारा मशीनला नमस्कार करी. पण ओटीपोट नीट दिसायला मूत्राशय पाण्यानं भरलेलं लागतं. नाहीतर ते शहाणं मशीन आंधळं. ते पाणी पाजायचं काम माझं.

एका सकाळी दुर्गाबाई मुलीला, पूर्वाला घेऊन आल्या. पूर्वा नुकतीच नोकरीला लागलेली, साखरपुडा तोंडावर आलेला. तिच्या ओटीपोटात गाठ हाताला लागत होती. सर्जननी गुरुवारी ऑपरेशन ठरवलं होतं, त्याआधी ही तपासणी सांगितली होती.

समोर नेमक्या शेजारच्या हेमाताई. लग्नाची मुलगी सोनोग्राफीला कशाला, असं त्यांनी विचारायच्या आत दुर्गाबाईंनी सांगून टाकलं की पोट माझंच दाखवायचंय, ही नुसती सोबतीला. आणि खरं वाटावं म्हणून मला उचलून ग्लासामागून ग्लास पाणी स्वतःच प्यायल्या. बांगड्या माझ्यावर सारख्या वाजत होत्या. पूर्वा कोरड्या ओठांनी बघत राहिली.

नंबर आला, दोघी आत गेल्या आणि लगेच दार उघडलं. पूर्वाचं मूत्राशय रिकामं होतं. गाठ कशाची, काही कळेना. दुर्गाबाई बाहेर आल्या. मला काठोकाठ भरलं आणि हेमाताईंच्या देखत पूर्वाला खुर्चीत बसवलं.

"पी. मला तुझ्या पोटाची काळजी आहे, लोकांच्या तोंडाची नाही."

हेमाताई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

दुसऱ्यांदा आत जाताना मला खाली ठेवायचं भान दुर्गाबाईंना राहिलं नाही. अंधाऱ्या खोलीत तपासणाऱ्या डॉक्टर जया पूर्वाच्या पोटावरून मशीनचा दांडा फिरवू लागल्या. ओटीपोट झालं, मग कंबर, पुन्हा ओटीपोट. शेवटी म्हणाल्या, "डावीकडे किडनीची जागा रिकामी आहे."

मी दुर्गाबाईंच्या हातून निसटलो. हा पोचा तेव्हाचा.

"घाबरू नका. गाठ नाहीच ती. तीच डावी किडनी आहे. आईच्या पोटात असतानाच किडनी खालून वर सरकते, हिची सरकलीच नाही, खालीच राहिली. चांगली आहे. ऑपरेशनची गरज दिसत नाही, सर्जनशी मी बोलते."

दुर्गाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "माझ्या घरात सगळं जागच्या जागी असतं हो. नेमकी हीच वस्तू कशी भलतीकडे राहिली?"

पूर्वा हसली. मग दोघी रडल्या.

आता लोक आपापल्या बाटल्या आणतात आणि मी कपाटावर धूळ खातो. तक्रार नाही. फक्त एवढं ऐका, मित्रांनो: पोटात काही खुपलं, हाताला लागलं, तर घरात मोकळेपणानं सांगा. मोठ्यांनो, तुम्ही शेजारच्या खुर्चीकडे बघू नका. तहान ज्याची त्यालाच पाणी पाजा.

आणि मला निदान पालथा तरी घाला कुणी.