शेगडी बंद, मीटर चालू

त्या सकाळी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवर गॅसचा मीटर आणि त्याच्यापुढे भुतं उतरवणारे एक बाबा. शेगडी पार बंद, तरी मीटरचं शेवटचं चाक आपलं फिरतंय! वर कसलासा कुजका वास.

"पिशाच्च गॅस पितंय!" बाबांनी निदान केलं. "नव्या सुनेच्या पावलानं आलंय. ती माहेरी गेली की तेही जाईल."

सून दाराशी बॅग भरून उभी होती, डोळे रडून सुजलेले. नवरा बाबांची झोळी धरून उभा. माझा नुसता तिळपापड होत होता.

बाबांनी मीटरवर शाल टाकली, खाली हात घातले, काहीबाही पुटपुटले आणि शाल ओढली. चाक ठप्प! सासूबाईंनी लोटांगणच घातलं.

"बांधलं त्याला. आता धुरी देतो," असं म्हणत बाबांनी काड्यापेटी काढली.

"काडी ओढू नका!" दारातून नणंद ओरडली. ती गॅसचे मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. वहिनीचा फोन आला तशी धावत आली होती. तिनं काड्यापेटी हिसकावली, खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्यांना अंगणात पिटाळलं. वास गेल्यावर मग आईला आणि आम्हा दोघाचौघांना आत बोलावलं.

"आई, मीटरखालची ही चावी बघ. नळीला आडवी, म्हणजे बंद. शालीखाली बाबांनी हीच फिरवली."

"अगं, पण आधी चाक का फिरत होतं?"

"आतून जाईल तेवढा गॅस मीटर मोजतो. शेगडी बंद असून मोजतोय, म्हणजे गॅस भलतीकडे जातोय. आणि तो घाण वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून!"

तिनं शेगडीमागच्या जोडाला साबणाचा फेस फासला, चावी क्षणभर उघडली. भराभर बुडबुडे आले. तिनं लगेच चावी बंद केली.

"ही नवी शेगडी जोडली कुणी?"

सून येणार म्हणून सासूबाईंनी हौसेनं मोठी शेगडी आणली होती. जोडणाऱ्याला कशाला बोलवायचं, म्हणून चिरंजीवांनीच पाना चालवला होता. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. बाबा एव्हाना शाल टाकून पसार झाले होते.

सासूबाईंनी सुनेची बॅग स्वतः उचलली. "चल गं, आत चल. चुकलं माझं."

"आधी जोड नीट करणारा येऊ दे, आई," सून म्हणाली, "मग येते."

मंडळी, गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, चावी बंद करा, बाहेर पडा आणि गॅसवाल्यांना बोलवा. मीटर बिचारा खरं तेच सांगत होता. आपण मात्र ते ऐकायचं सोडून एका पोरीला घराबाहेर काढायला निघालो होतो.