झडपेवरचा डाख

मित्रांनो, मला चहाचं भांडं म्हणाल तर मी ओ देणार नाही. मी कॉफीची किटली आहे. जुनी झाले, अंगावरची चमक गेली, मूठ एका बाजूने करपली, तरी तोरा काही गेलेला नाही.

माझी घडण साधी आहे. तीन भाग, एकावर एक. खालच्या भांड्यात पाणी भरायचं, मधल्या गाळणीत कॉफीची पूड घालायची आणि वरचं भांडं आट्यांवर फिरवून घट्ट बसवायचं. खालून आच लागली की वाफेच्या रेट्याने पाणी पुडीतून वर चढतं आणि वरच्या नळीतून कॉफी होऊन पडतं. तेव्हा मी गुरगुरते. तेच माझं गाणं. शिवाय खालच्या भांड्याच्या कुशीत मटाराच्या दाण्याएवढी एक पितळी झडप आहे. वर जायची वाट कधी बंद झालीच, तर कोंडलेल्या वाफेला बाहेर पडायला तेवढीच एक वाट. कारखान्यात ती झडप बसवणारी बाई प्रत्येकीच्या तोंडावर फुंकर मारून बघायची. दिवसभर किटल्या पुढे येत राहायच्या, पण तिने एकीचीही फुंकर चुकवली नाही.

मला निवडून घेतलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत, आणि ते नुसतं धंद्यावरून नव्हे. जीभही तशीच. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक, आणि मशीनच्या पायडलवर तिने दोघींचा संसार ओढलेला. अशा बाईची जीभ मऊ राहील कशी?

दुकानदाराने आधी एक मोठी, झगमगती किटली पुढे केली. कात्रीबाईने विचारलं, घरात पिणाऱ्या दोघी, तर एवढी मोठी कशाला? दुकानदार म्हणाला, बरोबर आहे तुमचं, ही अर्धीमुर्धी भरून चालत नाही, जेवढ्या कपांची तेवढी भरावी लागते, म्हणून माणसं बघूनच घ्यावी. मग तिने लहान किटल्या एकेक करून उघडल्या आणि शिवणीवरून फिरवायची तसं आट्यांवरून नख फिरवलं. सगळ्यांत देखणी होती तिचे आटे खरखरीत निघाले. “वरून मखमल, आतून गोणपाट,” असं म्हणून तिने ती बाजूला सारली आणि मला उचललं. मित्रांनो, त्या दिवशी मी कशी फुगले होते म्हणून सांगू!

दुकानदाराने बजावून सांगितलं. पाणी झडपेच्या वर जाऊ द्यायचं नाही. पूड चेपायची नाही. साबण लावायचा नाही, नुसत्या पाण्याने धुवून तिन्ही भाग सुटे वाळवायचे. आणि ही झडप कधी म्हणजे कधी बुजू द्यायची नाही. कात्रीबाई शाळेत फार गेली नव्हती. पण ऐकलेली गोष्ट ती मनात टाचून ठेवायची, आणि तिचा टाका कधी उसवायचा नाही.

कितीतरी वर्षं मी त्या घरात मानाने राहिले. सकाळी मशीनवर बसायच्या आधी ती मला मंद आचेवर ठेवायची आणि मी गुरगुरले की लगेच उतरवायची. आतलं रबर कडक झालं की बदलायची. कपडे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं वास घेऊन रेंगाळायची, तर ती म्हणायची, कॉफी बाहेर येणार नाही, तुम्ही आत या.

पुढे लेकीचं लग्न झालं. जावई प्लंबर. हातात कसब आणि नाकावर राग. आता कात्रीबाईची जीभ आणि जावयाचं नाक, या दोघांची गाठ पडायचीच होती. एकदा ती लेकीकडे गेली असताना तिथला नळ टपटपत होता. चार पाहुण्यांसमोर ती म्हणाली, जगाचे नळ बंद करता, घरचा तेवढा वाहता ठेवलाय. पाहुणे हसले. जावई पानावरून उठला.

हे मला ठाऊक आहे, कारण घरी येऊन तिने स्वतःच ते शेजारणीला रंगवून सांगितलं. पण त्या एका वाक्याचं नवराबायकोत भांडण झालं, भांडणाचं मौन झालं, आणि एक दिवस लेक चिमुरडीला कडेवर घेऊन, हातात बॅग धरून आईच्या दारात उभी राहिली. तेव्हा कात्रीबाईने शेजारणीकडे जाणंच सोडलं.

महिन्यामागून महिने गेले. जावयाचा निरोप नाही. त्या काळात माझीही आबाळ झाली. कॉफी लेक करायची, पण तिचं चित्त ठिकाणावर नसायचं. पिठासारखी बारीक पूड घालायची, चमच्याने चेपायची, आणि वापरलेला चोथा संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात तसाच. माझ्या गाळणीची भोकं हळूहळू भरत आली. कात्रीबाईच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं, पण लेकीला एक शब्द बोलायची तिची छाती होईना.

आणि मग एके दुपारी जावई आला. न्यायला आला होता. अवजारांची पिशवी दाराशी ठेवून पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. स्वयंपाकघरात लेकीने आईचा हात घट्ट धरला.

“आई, या वेळी एक शब्द बोलू नकोस. ते उठून गेले तर मी कुठलीच राहणार नाही.”

कात्रीबाईने मान डोलावली.

लेकीने कॉफी ठेवली. घाईघाईत पूड दाबली. वरची वाट तुंबलेली, म्हणून माझ्या झडपेने आपलं काम केलं. कुशीतून फुस्स करून वाफ सुटली आणि पाण्याचे थेंब गॅसवर चुरचुरले. जावयाने ते पाहिलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. किटली गळतेय म्हणाला, एवढंच ना, बघा आता. मला रिकामी करून त्याने पिशवीतून डाखणी काढली, तापवली, आणि माझ्या झडपेच्या तोंडावर कथील वितळवून डाख दिला. काम असं सुबक की बघत राहावं. मला त्याला दोष द्यायचा नाही, मित्रांनो. गळती बुजवणं हा त्या माणसाचा धर्म. त्या दिवशी तर तो एका जुन्या टोमण्याला उत्तर देत होता, आणि तेही रागाने नाही, हाताने.

“आई, तुमची गळती थांबवली. आता थेंब बाहेर येणार नाही.”

कात्रीबाईची नजर झडपेवरून हलेना. दुकानदाराचे शब्द तिला आठवत होते, हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं. मग तिने लेकीकडे पाहिलं. लेक कितीतरी दिवसांनी हसत होती.

“छान झालं,” कात्रीबाई म्हणाली. संध्याकाळी कोणी बघत नाही असं पाहून तिने मला फडताळात सगळ्यांत मागे, पिठाच्या डब्याआड सारलं.

पण रात्री मुक्कामाला राहिलेला जावई सकाळी सगळ्यांच्या आधी उठला. आज कॉफी माझ्या हातची, म्हणाला, आणि डबे हलवून त्याने मला शोधून काढलं. पाणी भरलं. तीच बारीक पूड घातली आणि चमच्याच्या पाठीने भिंत लिंपावी तशी दाबली. नळ जोडताना गुंडाळतात ती पांढरी पट्टी माझ्या आट्यांवर गुंडाळली, आणि वरचं भांडं हाताने नाही, पान्याने आवळलं. आता खरोखरच थेंब बाहेर येणार नव्हता.

गॅस पेटला. चिमुरडी स्टूल ओढून ओट्याशी उभी राहिली, गुरगुर ऐकायला.

कात्रीबाई येऊन बघते तो हे. तिने आडून आडून सुरुवात केली. म्हणाली, आज पोट बरं नाही, चहाच टाकते. जावई म्हणाला, अर्धा कप तरी घ्या. ती म्हणाली, गॅस संपत आलाय. तो म्हणाला, कॉफीपुरता पुरेल. ती म्हणाली, बाहेर कोणी हाक मारतंय का बघता? लेकीने डोळ्यांनीच आईला दटावलं.

माझ्या पोटात पाणी उकळायला लागलं होतं. वाफेने वर धडक मारली, तिथे पुडीची भिंत. आट्यांतून निसटायला बघितलं, तिथे पट्टी. कुशीकडे वळली, तिथे डाख. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी गल्ली जागी केली असती. पण माझा आवाज म्हणजे वाफ, आणि वाफेच्या सगळ्या वाटा बंद. मी नुसती आतल्या आत थरथरत होते.

“अजून कशी येत नाही,” असं पुटपुटत जावयाने माझ्याजवळ कान आणला. चिमुरडीनेही बापाचं पाहून मान पुढे केली.

त्या क्षणी कात्रीबाईच्या जिभेवर काय काय आलं असेल ते मी सांगू शकते. तिच्या जिभेखाली मी आयुष्य काढलं आहे. एकेक शब्द धार लावून तयार असणार. पण तोंडातून निघालं ते मी तिच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं.

“जावईबापू, मागे या. मला भीती वाटतेय.”

त्याने वळून पाहिलं. “भीती? तुम्हाला?”

“मला. पोरीला उचला आधी.”

त्याने पोरीला उचललं. कात्रीबाई पुढे झाली, तिने हात लांब करून गॅस बंद केला आणि सगळ्यांना बाहेर घालवून दार ओढून घेतलं. पण दार नीट लागत नसे, त्यामुळे फटीतून मला सगळं दिसत होतं. जमिनीकडे बघत तिने दुकानदाराचं बोलणं सांगितलं. ते भोक गळतीचं नाही, वाफेच्या सुटकेचं आहे. काल सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या हौसेने केलंत, आणि माझ्या तोंडून काही वाकडं गेलं तर काय होतं ते मी बघितलंय.

लेक भिंतीला टेकून खाली बसली.

आणि मग काहीच झालं नाही. तीच वेळ सगळ्यांत कठीण गेली. मी फुटले असते तर कात्रीबाई खरी ठरली असती. न फुटता निवले, तर तिने जावयाच्या कामाला पुन्हा एकदा नावं ठेवली, एवढंच उरणार होतं. मी निवत होते. जावयाने दाराजवळची आपली पिशवी उचलली, तशी लेकीने डोळे मिटून घेतले.

त्याने पिशवीतून पाना काढला आणि उंबऱ्याशी बसून राहिला. मी पार गार झाले तेव्हा आत आला, ओट्यावर ठेवून मला उघडलं. पूड भाजून विटेसारखी टणक झाली होती. वरचं भांडं कोरडं ठणठणीत.

“पाणी सगळं खालीच आहे,” तो हळूच म्हणाला. कोंडलेल्या पाण्याचा जोर त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. “आई, लोकांच्या गिझरला हीच झडप मी स्वतः बसवतो. ती नसेल तर गिझर चालू करू देत नाही कोणाला. आणि इथे मी तिलाच गळती समजलो.”

आता टोमणा मारायची यापेक्षा चांगली जागा कुठली? मी वाट बघत होते. लेकही बघत होती.

“बुजवायचाच हात तुमचा,” कात्रीबाई म्हणाली. “थेंब दिसला की जाणारच तो. बसा, चहा टाकते.”

तो बसला. या वेळी खुर्चीत मागे टेकून बसला.

डाख काढायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला, पण तो झडपेच्या आट्यांत उतरला होता. झडप निघाली ती माझ्या भांड्याचे आटे घेऊनच निघाली. म्हणून त्याच आठवड्यात सासू-जावई नवी किटली घ्यायला निघाले, आणि मापाला म्हणून मलाही कापडी पिशवीत घालून नेलं. दुकानदाराने मला ओळखलं. हिचं काय झालं, असं विचारलं.

“जुनी झाली,” कात्रीबाई पटकन म्हणाली.

“जुनी नाही झाली,” जावई म्हणाला. “मी बिघडवली.”

कात्रीबाईने नव्या किटल्यांपैकी एक उघडून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, आटे तुम्ही बघा.

लेक आणि चिमुरडी आपल्या घरी गेल्या. मी शिवणाच्या मशीनशेजारी असते. माझ्या पोटात आता शर्टाची बटणं आहेत. स्वयंपाकघरात नवी किटली आहे, माझ्यापेक्षा उजळ. तिचा मला हेवा नाही. पण सकाळी ती गॅसवर चढली की माझा जीव टांगणीला लागतो, आणि तिची गुरगुर कानावर येईपर्यंत माझ्यातलं एक बटणसुद्धा वाजत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिची पूड चेपू नका. गाळणी स्वच्छ ठेवा. ती गुरगुरायची थांबली तर कान जवळ नेऊ नका, मोठ्यांना सांगून आधी आच बंद करा, आणि ती गार झाल्याशिवाय तिला कोणी हात लावू नका. आणि कोणी हौसेने चुकीचं काही करत असेल, तुम्हाला ते दिसत असेल, तर त्याला टोचू नका, पण गप्पही बसू नका. भीती वाटतेय म्हणून सरळ सांगा. कात्रीबाईसारख्या बाईला ते जमलं, तुम्हाला का जमू नये?