नर्सबाईंच्या खोलीतलं गाणं

चर्चचे पाळकसाहेब बदलून गेले त्याला दोन वर्षं झाली होती. नवे येतील म्हणून मंडळी वाटेकडे डोळे लावून बसली होती. मंडळी म्हणजे उरलीसुरली नऊ माणसं. सुतारकाका दर रविवारी चर्च उघडत, मास्तर शास्त्रपाठ वाचत, एखादं गीत होई आणि जो तो मुकाट्याने घरी जाई. पाळक आल्याशिवाय कसलं काय, असंच सगळ्यांना वाटे.

एका रविवारी म्हाताऱ्या नर्सबाई आल्या नाहीत. त्या आठवड्यात जिन्यावरून पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, आता घरीच अंथरुणावर होत्या. संध्याकाळी सुतारकाका त्यांना भेटायला गेले.

"पाळकसाहेब आले, की आधी तुमच्याकडे घेऊन येतो," काका म्हणाले.

"पाळक राहू द्या हो. सकाळभर खिडकीकडे कान लावून पडले होते. चर्चमधलं काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तुमच्या त्या भसाड्या गाण्यासाठीसुद्धा जीव तुटतो."

पुढच्या रविवारी शास्त्रपाठ संपताच ते उठले. "आज गीत बाईंकडे म्हणू."

"पाळकांशिवाय? आणि सूर कोण धरणार?" मास्तर कुरकुरले.

"इथे तरी कोण धरतंय?" बेकरीवाली मावशी म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी मंडळी एकत्र हसली.

आठ जण त्या खोलीत कसेबसे मावले. मास्तर ट्रंकेवर, मावशी ओट्याला टेकून. बाई पडल्या पडल्याच गात होत्या. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. गीत संपलं तेव्हा दारात शेजारीण उभी होती.

"आमचे सासरे चार वर्षं अंथरुणाला खिळलेत. त्यांच्यासाठी म्हणाल का एखादं?"

सगळ्यांत आधी मास्तर उठले.

तिथून अशी घरं वाढत गेली. येता-जाता मंडळींना एकमेकांची दुखणी-खुपणीही कळू लागली. अशात वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं: पाळक देता येत नाही, चर्च बंद करून मोठ्या मंडळीत सामील व्हा.

मास्तरांनी सगळ्यांच्या सह्यांनिशी उत्तर धाडलं, "आम्हाला इथेच राहू द्या. इथे माणसं आमची वाट बघतात."

कार्यालयाने राहू दिलं. पाळक मात्र आले नाहीत. काकांना अजून त्यांची ओढ लागते. आशीर्वादाचे शब्द एकदा तरी पाळकांच्या तोंडून ऐकावेत, असं फार वाटतं. रविवारी चर्चच्या दारात उभं राहून ते क्षणभर रस्त्याकडे बघतात, मग मावशीला विचारतात, "आज कुणाकडे?"