न बघता म्हटलेलं ‘साफ’

लॅबताईंच्या कामात चूक काढायची कुणाची टाप नव्हती. टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात अठरा वर्षं त्या गर्भ सांभाळत होत्या. डॉक्टरांनी पोटात गर्भ सोडला की ती बारीक नळी खिडकीतून ताईंकडे येई. ताईंनी नळी डिशमध्ये धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, गर्भ मागे राहिला नाही याची खात्री करायची आणि मग "साफ" असं ओरडून सांगायचं. आता शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो नळीत मागे राहतच नाही. त्यामुळे कधीपासून कोण जाणे, ‘साफ’ आधी आणि बघणं मागून, असा उलटा कारभार सुरू झाला होता.

त्या सकाळी टेबलावर एक टेलरबाई होत्या. वय एक्केचाळीस आणि हा त्यांचा शेवटचा गर्भ. नळी आली, ताई म्हणाल्या, "साफ!" डॉक्टर हातमोजे काढून निघून गेल्या. टेलरबाई उतरल्या आणि चालत नवऱ्याकडे गेल्या.

मग ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. गर्भ डिशमध्येच होता. चांगला गोल, धडधाकट.

डिश ओतून टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हा विचार मनात आला, आणि आला म्हणूनच ताईंना स्वतःची शिसारी आली. डिश उबेत ठेवून त्या डॉक्टरांकडे धावल्या.

"नळीला चिकटून राहिलाय, होतं असं कधीकधी," डॉक्टरांनी टेलरबाईंना परत बोलावून समजावलं. "पुन्हा सोडू या." त्यात खोटं काही नव्हतं. ‘साफ’च्या घाईबद्दल मात्र ताईंनी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी नळी तीनदा बघितली.

बारा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. दिवस राहिले नव्हते.

टेलरबाई रिपोर्ट घेऊन थेट लॅबच्या दारात आल्या. "ताई, माझंच चुकलं हो. डॉक्टर काही म्हणोत, मी मेली टुणकन उतरले टेबलावरून, म्हणून तो बिचारा बाहेर आला. सासूबाईपण तेच म्हणतात."

ताईंना राहवेना. "तुम्ही उतरायच्या आधीच तो नळीत राहिला होता. मी न बघता ‘साफ’ म्हटलं, म्हणून तुम्ही उतरलात. चूक माझी आहे."

"म्हणून राहिले नाहीत का दिवस?"

"ते सांगता येत नाही. कुणालाच नाही सांगता येणार. पण तुमचा काही दोष नव्हता."

टेलरबाईंनी रिपोर्टची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"बारा दिवस मी पलंगावर पडून होते," त्या म्हणाल्या. "शिंक आली तरी दाबून धरत होते. रोज स्वतःला शिव्या घालत होते. एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?"