अवंतिकेला कप्तान नाही

आमच्या यानाला कप्तान नाही. अवंतिका नावाचं हे अंतराळयान सूर्यमाला केव्हाच मागे टाकून पुढे गेलंय, त्यावर प्रभारी कप्तान आहे, सहायक कप्तान आहे, कप्तानाचा विशेष कार्याधिकारीसुद्धा आहे, पण खुद्द कप्तान कोणी नाही. ह्याला कारण गोपाळभावजी.

गोपाळभावजी म्हणजे आमच्या ह्यांचे, जयंतचे, थोरले भाऊ. रेल्वेतून निवृत्त झाले, पण शिस्त निवृत्त झाली नाही. लॉकडाउनमध्ये माझा मुलगा विहंग घरी अडकला होता, तेव्हा त्याने हा खेळ काढला. व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप करायचा, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि रोज संध्याकाळी आपापल्या पात्राच्या तोंडून दोन-चार वाक्यं लिहून गोष्ट पुढे न्यायची. दुसऱ्याच्या पात्राने काय करावं हे आपण ठरवायचं नाही, एवढाच काय तो नियम. आम्ही सगळे उज्जैनचे, म्हणून यानाचं नाव अवंतिका. नाव पडायचा अवकाश, भावजींनी दुसरा नियम घातला.

"अवंतिका म्हणजे उज्जैन," ते म्हणाले. "इथला राजा एकच, महाकाल. दुसरा कोणी राजा इथे रात को रुकता नहीं. रुकला तर गादी जाते. तेव्हा कप्तान-बिप्तान काही नाही."

"काका, हे अंतराळ आहे," विहंग म्हणाला.

"मग? महाकाल काय फक्त नगर निगमच्या हद्दीपुरते आहेत?"

मग सगळ्यांनी खालची पदं वाटून घेतली. मी प्रभारी कप्तान झाले. मला त्याची सवय होती. नानाखेड्याच्या शाळेत मी कित्येक वर्षं प्रभारी प्राचार्य आहे. प्राचार्यांच्या खुर्चीत बसते, प्राचार्यांच्या वाटची बोलणी खाते, फक्त दारावरच्या पाटीत माझ्या नावाखाली बारीक अक्षरात 'प्रभारी' असतं. भावजी अर्थातच यानाच्या वेळापत्रकाचे प्रमुख झाले आणि कधीही उशीर न होणाऱ्या यानात उशिराबद्दल लोकांना झापू लागले. माझी थोरली बहीण सुलूताई भैरवगढला असते, तिच्या सासरी छापील चादरींचं दुकान आहे. तिने गुरूच्या चंद्रावरची एक परग्रहवासी घेतली, जिच्या कातडीवर आपोआप नक्षी उमटायची. पुढे ही परग्रहवासी येईल त्या ग्रहाला चादरी विकायला लागली. विहंगने इंजिनखोलीतला मिस्त्री घेतला, तिमिर नावाचा.

लॉकडाउन उठलं, विहंग पुण्याला नोकरीवर गेला, पण खेळ चालू राहिला. मी तो चालू ठेवला असं म्हणा हवं तर. फोनवर माझा मुलगा तीन शब्दांत आटोपतो. हो. ठीक. जेवलो. तोच मुलगा तिमिर झाला की पानभर लिहितो. तिमिरने एकदा लिहिलं की इंजिनखोलीत एकट्याने डबा उघडायचा कंटाळा येतो, म्हणून तो न उघडताच झोपतो. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला शेव आणि लाडू कुरिअर केले. तिमिर खोकला तेव्हा विहंगला काढ्याची कृती पाठवली. "तुला कसं कळलं?" असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, आईला कळतं. आईला कळत नाही. आई ग्रुप वाचते.

आणि मागच्या महिन्यात एका सोमवारी ग्रुपवर विहंगचा मेसेज आला: "सगळी पात्रं शिळी झालीत. चार वर्षं तेच लोक, तेच बोलतात. रविवारपर्यंत कोणी एक ताजं पात्र आणलं नाही तर मी ग्रुप सोडतोय. सीरियसली."

भावजींनी त्यावर अंगठा टाकला. तो अंगठा कशासाठी होता हे त्यांनाच ठाऊक. तिमिर गेला तर माझ्याकडे हो, ठीक आणि जेवलो एवढंच उरणार होतं.

मी कामाला लागले. मराठीच्या तासाला मुलांना व्यक्तिचित्रण शिकवत मी नोकरीचा जन्म काढला आहे, एक नवीन माणूस बनवायला काय लागतं? मंगळवारी मी जलग्रहाची राजदूत आणली. निळी, थंड रक्ताची, मानवी भावना न समजणारी. तिने यानावर पाऊल टाकलं आणि तिसऱ्या वाक्याला तिमिरला विचारलं की तू एवढा वाळलास कसा.

"आई, ही तूच आहेस," विहंगने लिहिलं. "फक्त निळी."

बुधवारी मी यंत्रमानव आणला. त्याला भावनाच नव्हत्या, म्हणजे प्रश्नच मिटला. सुलूताई दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून त्याला उत्तर देऊ शकली नाही, तर यंत्रमानवाने लिहिलं, "ठीक आहे. मला कोणी विचारत नाही, त्याची मला सवय आहे." हे मी कधी लिहिलं ते मलाही कळलं नाही. विहंगने नुसती हसणारी तोंडं पाठवली.

गुरुवारी मी माणूस हा प्रकारच सोडला आणि एक बुद्धिमान वनस्पती आणली. भावजींनी ती ताबडतोब तुळस ठरवली आणि नियंत्रण कक्षात चपला घालून यायला बंदी केली. सगळं यान दोन दिवस अनवाणी फिरलं. शुक्रवारी सुलूताईने मला फोन केला.

"कल्पना, तू एवढं टेन्शन कशाला घेतेस गं? एखादा खलनायक टाक ना. मतलब, कोणीतरी चोर वगैरे."

"टाकला असता. पण माझा चोर चोरी करायच्या आधी सगळ्यांना स्वेटर घातलं का विचारेल."

"वो तो है," सुलूताई म्हणाली, आणि तिने निदान खोटं खोटं तरी 'नाही गं' म्हणावं अशी माझी अपेक्षा होती.

शनिवारी विहंग आला. त्याचं येणं असंच असतं. ऑफिसच्या कामाने इंदूरपर्यंत येतो, मित्राकडे उतरतो, सकाळच्या बसने उज्जैनला येतो आणि दिवस मावळायच्या आत परत इंदूर. घरी मुक्काम करत नाही. भांडण नाही, रुसवा नाही, कारण मात्र दर वेळी असतं. कधी सकाळी लवकर मीटिंग, कधी आमच्याकडचं नेट चालत नाही, कधी मित्राच्या मांजराला औषध द्यायचं असतं. वरच्या खोलीत मी त्याची गादी दर महिन्याला उन्हात टाकते. आताशा ती इतकी ऊन खाल्लेली झाली आहे की पाहुण्यांना द्यायलाही जिवावर येतं.

ह्या वेळी मी दाल-बाफले केले होते, म्हणजे जाड्या पिठाचे, गोवऱ्यांवर भाजलेले गोळे आणि वरण. तुपात बुडवलेले चार बाफले पोटात गेले की माळव्यातला माणूस संध्याकाळपर्यंत जागचा हलत नाही, आणि माझा डाव तोच होता. विहंगने पाच खाल्ले. जयंत दोन खाऊन सोफ्यावर घोरायला लागले. विहंग हात धुऊन आला, मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "आई, निघतो. रात्री एक कॉल आहे."

"इथून कर की."

"इथे रेंज येत नाही नीट."

"वरच्या खोलीत येते."

"अगं, हेडफोन पण इंदूरलाच राहिलेत," तो म्हणाला, आणि बूट घालू लागला. बूट घालता घालता सहज म्हणाला, "उद्या रविवार आहे, लक्षात आहे ना? पात्राचं?"

मी म्हटलं, आहे.

आम्ही त्याला नानाखेड्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. बस निघाली, त्याने खिडकीतून हात हलवला. ऊन अजून समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर होतं. जयंत खेळात नाहीत, त्यांना असल्या गोष्टी पोरकट वाटतात. स्कूटरला किक मारता मारता ते म्हणाले, "हाही राजाच निघाला. रात्री थांबत नाही."

मी हसले. घरी येऊन ताटं घासायला घेतली तेव्हा मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर माझं पात्र तयार होतं.

रविवारी संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: "नवीन पात्र. अवंतिकेचा कप्तान."

भावजींचं उत्तर माझं बोट स्क्रीनवरून उठायच्या आत आलं. "हरगिज नाही. नियम तो नियम है."

"पूर्ण वाचा, भावजी," मी लिहिलं. "कप्तान रात्री थांबत नाही. सकाळी छोट्या यानातून येतो, सगळ्यांची विचारपूस करतो, पोटभर जेवतो आणि दिवे मंद व्हायच्या आत निघून जातो. नियम मोडत नाही. स्वभाव गोड. दोष: सारखं घड्याळ पाहतो. न थांबण्याचं कारण दर वेळी वेगळं सांगतो. खरं कारण कोणाला माहीत नाही, बहुधा त्यालाही नाही."

भावजी विचारात पडले असावेत. मग त्यांनी लिहिलं, "टेक्निकली ठीक आहे. येण्याजाण्याची वेळ मला कळवावी लागेल." सुलूताईने लिहिलं, "बिचारा."

विहंगने वाचलंय एवढं दिसत होतं. मग ग्रुपवर नाही, मला एकटीला मेसेज आला: "आई, हे माझ्यावर आहे का?"

"छे," मी लिहिलं. "काल्पनिक आहे."

मग ग्रुपवर आलं, "ताजं आहे. पास. पण आई, हे तुला नाही जमणार. हे पात्र मी घेतो."

मी जिंकले होते. तिमिर इंजिनखोलीत राहिला, वर विहंगने कप्तानही घेतला, म्हणजे रोज दुप्पट लिहिणार. सोमवारपासून कप्तान यायला लागला आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. कप्तान निघाला की यानाचा ताबा प्रभारी कप्तानाकडे. म्हणजे रोज संध्याकाळी दारापाशी उभं राहून त्याला निरोप द्यायचं काम माझं. जे दुःख मला दोन-तीन महिन्यांतून एकदा होत असे, ते मी स्वतःच्या अकलेने रोजचं करून घेतलं होतं.

आणि कारणं तरी काय एकेक. सोमवारी कप्तानाला शनीच्या कड्यांजवळ मीटिंग होती. मंगळवारी अवंतिकेवर ऑक्सिजनची रेंज नीट येत नव्हती. बुधवारी मित्राच्या उल्कापाषाणाला औषध द्यायचं होतं. सुलूताई हसून लोळत होती. मी दर वेळी लिहिलं, "ठीक आहे कप्तान, सांभाळून जा." चौथ्या दिवशी माझा संयम संपला. कप्तानाने लिहिलं की त्याचं हेल्मेट दुसऱ्या ग्रहावर राहिलंय, म्हणून निघायला हवं. मी लिहिलं, "प्रभारी कप्तान दार उघडते. ती आज काही म्हणत नाही. वरच्या केबिनमधली गादी तिने सकाळीच वाटेतल्या एका सूर्यासमोर धरली होती, ती आता गुंडाळून ठेवते."

लिहून टाकलं आणि वाटलं, खोडावं. पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

जयंत टीव्हीवर बातम्या पाहत होते. मी मोबाइल उपडा ठेवला, सरळ केला, परत उपडा ठेवला. मग आवाज आला.

"कप्तान दारापर्यंत जातो," विहंगने लिहिलं होतं. "घड्याळ पाहतो. घड्याळ काढून खिशात ठेवतो. मागे वळतो. कप्तान आज थांबतो आहे."

"अरे, गादी जाईल," भावजींनी लिहिलं. "मी बोललो होतो. रुकला की गादी गेली. मग तो कप्तान राहणार नाही."

"गेली तर गेली, काका. वरची मिळतेय," विहंगने लिहिलं. "जेवायला काय आहे?"

हा प्रश्न कोणाला होता ते त्याने लिहिलं नव्हतं, पण यानावर उत्तर द्यायला दुसरं होतंच कोण. मी लिहिलं, "बाफले." भावजी अंतराळात गोवऱ्या कुठून आणणार असं हमखास विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाही विचारलं. त्यांनी वेळापत्रकात कप्तानाच्या जाण्याच्या वेळेपुढे रेघ ओढली आणि तसं ग्रुपवर कळवलं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि वरच्या फळीवरचा डबा खाली काढला. बाफल्यांचं जाडं पीठ तळाशी थोडंसंच उरलं होतं.

"कोणी येतंय का?" जयंतने बाहेरून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही उद्या येताना चक्कीवरून जाडं पीठ घेऊन या."